मोठ्या गळांसाठी व्हाइस घेताना आधी पकड पाहावी

साताऱ्यात किंवा सांगलीत राहून स्वतःचे ल्यूर, म्हणजे कृत्रिम आमिष, स्वतः बांधणाऱ्याला जे गळ हाताळावे लागतात, ते बाजारातल्या बहुतेक फ्लाय-व्हाइसच्या, म्हणजे माशीसारखे आमिष (फ्लाय) बांधताना गळ जबड्यात धरून ठेवणाऱ्या शिकंज्यांच्या, मानाने मोठेच असतात. कृष्णा-वारणेच्या काठाशी शेवाळात आणि जलपर्णीत दबा धरून बसणाऱ्या मरळीसाठी केसांचा बेडूक बांधायचा, तर गळ २/० किंवा ३/० चा घ्यावा लागतो. कुंभार्ली घाट उतरून वाशिष्ठीच्या खाडीत जिताड्यासाठी जायचे, तर केसांची झालर लावलेला जिग, म्हणजे डोक्याशी शिसे असलेला गळ, ५/० किंवा ६/० चा हवा. याउलट हे व्हाइस मुळात ट्राउट मासा डोळ्यांसमोर ठेवून घडत गेले, आणि ट्राउटचे गळ साधारण ८ ते २० क्रमांकांचे, म्हणजे नखावर मावतील एवढे असतात. (गळाचा साधा क्रमांक वाढत जाईल तसा गळ लहान होतो आणि शून्याच्या जोडीचा आकडा वाढत जाईल तसा तो मोठा होतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे.) त्यामुळे जाहिरातीत ज्या गुणांची वाखाणणी वाचायला मिळते, त्यांतले निम्मे आपल्या कामाचे नसतात आणि जो गुण आपल्याला हवा, त्याबद्दल एखादी ओळ असली तर असते. पुढील परीक्षण केवळ त्या एका गुणासाठी, म्हणजे जाड तारेच्या मोठ्या गळावर व्हाइसची पकड कशी बसते यासाठी, लिहिले आहे.

पकडीला एवढे महत्त्व का द्यायचे, हे हिशेब मांडल्याशिवाय पटत नाही. ६/० च्या गळात वाकापासून नाक्यापर्यंतची, म्हणजे दोर बांधायच्या छिद्रापर्यंतची, दांडी पाच सेंटिमीटरच्या आसपास भरते, आणि जबड्यात मात्र तारेचा जेमतेम पाच मिलिमीटर भाग धरलेला असतो. नाक्याजवळ दोरा एक किलोच्या ताणाने खाली ओढला, तर तरफेच्या नियमाने जबड्याच्या कडेवर त्याच्या सुमारे दहापट जोर येतो. ट्राउटची माशी बांधताना असा प्रसंगच येत नाही, कारण तिथला बारीक दोरा एवढ्या ताणाच्या कितीतरी आधी तुटतो आणि दांडीही सेंटिमीटरच्या आतबाहेर असते. आपण मात्र केसांचा जाड झुबका दोऱ्याने आवळून दांडीभोवती फुलवतो, आणि त्यासाठी जेल-स्पन पॉलिइथिलीनचा, म्हणजे मासेमारीची वेणीसारखी विणलेली ब्रेड लाइन ज्या धाग्याची बनते त्याच जातीचा, सहजी न तुटणारा दोरा वापरतो. दोरा तुटत नाही, केस दबत जातात, तेव्हा सगळा ताण गळावर येतो आणि गळावरून तो जबड्यावर जातो. अशा वेळी गळ केसभर जरी खाली झुकला, तरी नुकताच आवळलेला वेढा सैल होतो, केस दांडीभोवती फिरून एका बाजूला गोळा होतात आणि बेडकाचे अंग वाकडे होते. मग ते सोडवून पुन्हा बांधण्यावाचून गत्यंतर नसते.

जो कोणी व्हाइस घेईल, त्याने तो हाती येताच पुढील कसोटी अवश्य लावावी. आपल्याकडचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जाड तारेचा गळ घ्यावा. माझ्या मते यासाठी १८७७ पासून गळ बनवणाऱ्या नॉर्वेच्या मुस्टाड कंपनीचा ३४००७ हा स्टेनलेस गळ उत्तम, कारण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने तो निसटायला सोपा असतो. वाकाच्या खालच्या भागात तो जबड्यात धरून दांडी आडवी समपातळीत आणावी आणि नाक्यावर अंगठा ठेवून सावकाश दाब वाढवत न्यावा. व्हाइस चांगला असेल तर दांडीच धनुष्यासारखी किंचित वाकते आणि अंगठा काढताच पूर्ववत होते. व्हाइस कमी प्रतीचा असेल तर दांडी सरळच राहते, पण संपूर्ण गळ जबड्यात फिरतो आणि अंगठा काढल्यावर नाके जिथे गेले तिथेच राहते. त्यानंतर गळ काढून भिंगातून तारेवरची खूण न्याहाळावी. दोन्ही बाजूंना आखूड, स्वच्छ, समांतर दाब उमटलेला असेल तर पकड पक्की बसली होती; चंद्रकोरीसारखा लांब, फरफटलेला ओरखडा दिसला तर गळ सरकला होता. त्याच भिंगाने जबड्याचे टोकही तपासावे. गळाच्या जागी बारीकशी चकाकणारी खाच पडलेली दिसली, तर पोलादाला नीट पाणी दिलेले नाही आणि ती खाच दर गळागणिक खोल होत जाणार, हे ओळखावे.

आता प्रकारांकडे वळू. आपल्याकडे सर्वांत सहज मिळतो तो भारतात तयार होणारा, आणि परदेशातही ‘एए’ किंवा ‘सुपर एए’ अशा नावांनी स्वस्त संचांतून विकला जाणारा व्हाइस. त्याची रचना जुन्या अमेरिकन थॉम्पसन व्हाइसच्या धर्तीची आहे. पुढून चिरलेली एक सळई नळीत बसवलेली असते, मागची कळ दाबली की सळई नळीत मागे खेचली जाते आणि नळीच्या तोंडाशी तिचे दोन भाग एकमेकांवर आवळले जातात. साधी, सुटसुटीत, दुरुस्तीला सोपी अशी ही रचना असून १/० पर्यंतच्या गळांसाठी तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. अडचण जाड तारेशी सुरू होते. सळईचे दोन भाग मागच्या बाजूला जोडलेले असल्याने दीड-दोन मिलिमीटरची तार मध्ये आली की ते पुढच्या बाजूला फाकतात, पकड केवळ मागच्या कडेवर येते आणि जसजसा दाब वाढवावा तसतसा गळ पुढे बाहेर ढकलला जातो. कळ आणखी जोराने दाबून हा दोष जात नाही. उलट कळीचा खटका झिजतो. एकाच नावाने अनेक कारखान्यांचा माल विकला जात असल्याने जबड्याच्या पोलादाचा दर्जाही नगागणिक बदलतो. असे असले तरी ज्याला हा छंद आपल्याला मानवतो की नाही हेच पाहायचे आहे, त्याने सुरुवातीला हाच घ्यावा, असे मी विचारपूर्वक सांगतो.

दुसरा प्रकार स्प्रिंगच्या जबड्यांचा, आणि त्यातला सर्वांत प्रसिद्ध व्हाइस म्हणजे अमेरिकेतील रीगल. इथे कळीचा उपयोग उलटा आहे. मुठीत कळ दाबली की जबडे उघडतात आणि सोडली की आपल्याच ताकदीने मिटतात. स्क्रू फिरवून जबड्यांतले अंतर जुळवण्याची गरजच नसते, त्यामुळे १ क्रमांकाचा गळ काढून लगेच ५/० चा लावला तरी हात अडत नाही. पण मोठ्या गळांच्या दृष्टीने त्याचा खरा लाभ वेगळा आहे. तार जितकी जाड, तितके जबडे जास्त उघडतात आणि तितका स्प्रिंगचा दाब वाढतो. जिथे नळीची रचना कमजोर पडते, तिथेच ही रचना जोर धरते. वर सांगितलेल्या अंगठ्याच्या कसोटीला हा व्हाइस निर्विवाद उतरतो आणि केसांचे मोठे बेडूक बांधणाऱ्यांनी जगभर त्याला पसंती का दिली असावी, हे पहिलाच झुबका आवळताना कळते. मर्यादा सांगायच्या तर दोन आहेत. जबडे उघडायला मुठीत चांगला जोर लागतो, तेव्हा बोटांच्या सांध्यांचे दुखणे असलेल्यांनी तो आधी हाताळून पाहावा. दुसरे म्हणजे याचे डोके फिरवून खालची बाजू पाहता येते, पण गळाची दांडी फिरण्याच्या अक्षावर येत नसल्याने गळ फिरवत फिरवत दोरा गुंडाळता येत नाही. मोठ्या जिगच्या कामात मला याची उणीव फारशी जाणवत नाही. खालची बाजू दिसली की पुरते.

तिसरा प्रकार गळ स्वतःच्या अक्षाभोवती फिरवणाऱ्या, म्हणजे रोटरी, व्हाइसचा. रेन्झेटी, पीक ही नावे या वर्गात घेतली जातात आणि दिसायलाही हे व्हाइस मोठे देखणे असतात. यांच्या जबड्यांना मध्ये एक स्क्रू आणि मागे एक खटका असतो. स्क्रूने गळाच्या जाडीइतके अंतर जुळवायचे आणि खटक्याने मागची टोके फाकवून पुढची आवळायची. मोठ्या गळांसाठी हे वापरणाऱ्याने स्क्रूकडे दुर्लक्ष करून चालत नाही. अंतर नीट जुळवले तर जबडे तारेवर समांतर बसतात आणि पकड फार चांगली येते. लहान गळासाठी लावलेल्या अंतरावर मोठा गळ कोंबून खटका जबरदस्तीने फिरवला तर जबडे फाकून गळ निसटतो आणि स्क्रूचे आटेही जातात. यांपैकी अनेक कंपन्या खाऱ्या पाण्यातील मोठ्या गळांसाठी वेगळे, भक्कम जबडे विकतात, तेव्हा मागणी नोंदवताना त्यांचीच चौकशी करावी. डायना-किंग या कंपनीच्या जबड्यांत मोठ्या गळाच्या वाकासाठी खास खाचा कोरलेल्या असतात आणि माझ्या मते या वर्गातील हाच सर्वांत समंजस विचार आहे, कारण खाचेत बसलेली तार घर्षणाबरोबरच खाचेच्या भिंतींनीही अडवली जाते.

रोटरीचा मोह मात्र तपासून घ्यावा. डोक्यावर तीस-चाळीस ग्रॅम शिसे असलेला जिग अक्षावर लावून फिरवू लागले, की शिशाचा भार एका अंगाला असल्याने तो अर्ध्यावर आपोआप खाली घरंगळतो आणि हातातला दोरा सुटतो. फिरण्याला अटकाव करणारा स्क्रू आवळून ठेवावा, तर मग फिरवण्याची सोयच उरत नाही. ज्यांना लांब अंगाच्या माशांच्या प्रतिकृती बांधून वर एपॉक्सीचा थर द्यायचा आहे, त्यांना रोटरी खरोखर उपयोगी पडतो, कारण एपॉक्सी घट्ट होईपर्यंत ल्यूर सावकाश फिरता ठेवावा लागतो. बाकीच्यांनी त्याच पैशांत अधिक भक्कम जबडे घ्यावेत.

एचएमएच या कंपनीच्या व्हाइसचाही उल्लेख करायला हवा. त्याची रचना नळीचीच आहे, पण जबडे तीन मापांत मिळतात आणि बदलता येतात. सर्वांत मोठे जबडे जाड तारेसाठीच घडवलेले असल्याने स्वस्त नळीच्या व्हाइसचा दोष त्यात येत नाही. वर्कशॉपमधला साधा बेंच-व्हाइस मात्र या कामाला नको. तो गळ घट्ट धरतो यात शंका नाही, पण त्याचे जबडे इतके रुंद असतात की वाकाजवळ दोरा फिरवायला बोटे आत जात नाहीत.

जबड्यांइतकेच महत्त्व बुडाला आहे आणि त्याकडे खरेदीच्या वेळी कोणाचे लक्ष जात नाही. जड पाटावर उभा राहणारा व्हाइस हलवायला सोयीचा असला, तरी वर सांगितलेल्या ताणाने तो हळूहळू आपल्याकडे सरकतो किंवा पुढे कलंडतो. मोठ्या कामाला टेबलाच्या कडेला आवळायचा क्लॅम्पच हवा. जेवणाच्या टेबलावर काच असेल तर तिथे क्लॅम्प लावू नये आणि स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडाप्प्यावरही नको, कारण कडेला दगडाचा टवका उडतो. इंचभर जाडीची सागाची किंवा बाभळीची फळी टेबलाला बोल्टने कायमची बसवून घेतली, की प्रश्न मिटतो.

या ठिकाणी आपल्या भागाचा एक मोठा फायदा सांगितला पाहिजे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि आज सातारा, कराड, कुपवाड, मिरज या सगळ्या पट्ट्यात लेथ आणि ग्राइंडिंगचे काम जाणणारी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. व्हाइसचा खांब उंच करून हवा असेल, क्लॅम्पचे तोंड जाड फळीसाठी मोठे करायचे असेल, तर त्यासाठी परदेशातून भाग मागवण्याची गरज नाही. फक्त एक गोष्ट टर्नरला आवर्जून सांगावी. बहुतेक परदेशी व्हाइसचा खांब ३/८ इंचाचा, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटरचा असतो, आणि आपल्याकडे दुकानात सहज मिळणारी चकचकीत सळई १० मिलिमीटरची असते. ती क्लॅम्पच्या भोकात जात नाही. नवा खांब अर्धा मिलिमीटर खाली उतरवून घ्यावा. मूळ भोक मोठे करून घेऊ नये, कारण मग कंपनीचा कोणताच भाग त्यात बसणार नाही. झिजलेले जबडेही ओएचएनएस पोलादातून, म्हणजे तेलात कडक होणाऱ्या हत्यारी पोलादातून, नव्याने करून घेता येतात, मात्र तेलात कडक केल्यानंतर पुन्हा मंद आचेवर तापवून त्यांचा ठिसूळपणा काढलाच पाहिजे, नाहीतर पहिल्या मोठ्या गळालाच टोकाचा कपचा उडतो.

गळ लावण्याच्या पद्धतीवरही पकड अवलंबून असते. गळाचे टोक आणि उलटा काटा जबड्यात कधीही धरू नये. काट्यापाशी तार कापलेली असते, त्यामुळे तिथे दाब आला की न दिसणारी भेग पडते आणि ती मासा लागल्यावर उघडी होते. काटा दाबून टाकायचा असेल तर तो बांधायला बसण्याआधी सपाट तोंडाच्या पक्कडीने दाबावा, म्हणजे गळ मोडायचाच असेल तर मेहनतीआधी मोडेल. व्हाइसच्या जबड्यांत काटा दाबण्याची सवय असलेल्यांचे जबडे फार दिवस टिकत नाहीत. मरळीच्या बेडकाला गवतात अडकू नये म्हणून नायलॉनची कमान लावावी लागते आणि तिचे मागचे टोक वाकाच्या सुरुवातीलाच बांधले जाते. तेवढी जागा मोकळी राहील इतका गळ जबड्यांच्या टोकाशी धरावा लागतो, आणि टोकाशी धरूनही न सरकणारे जबडे फार थोड्या व्हाइसचे असतात. म्हणून अंगठ्याची कसोटी अशाच स्थितीत घ्यावी. तीन टोकांच्या गळाला शेपटी बांधणाऱ्यांनी निमुळते जबडे पाहावेत, कारण रुंद जबडे शेजारच्या टोकांवर आदळतात.

बांधण्याच्या साहित्याचाही इथे संबंध येतो. परदेशी वर्णनांत जिगसाठी हरणाच्या शेपटीचे केस सांगितलेले असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडच्या हरणांचे कोणतेही अवयव बाळगता येत नाहीत आणि ते बाळगूही नयेत. बोकडाचे लांब केस जिगच्या झालरीला उत्तम चालतात. मात्र हे केस हरणाच्या अंगावरील केसांसारखे आतून पोकळ नसतात, दोऱ्याखाली चेपून जागच्या जागी रुतत नाहीत, त्यामुळे ते निसटू नयेत म्हणून वेढे अधिक ताणाने द्यावे लागतात. म्हणजे आपल्या साहित्याने बांधणाऱ्याला व्हाइस परदेशी माणसापेक्षा थोडा जास्तच भक्कम लागतो.

खरेदीविषयी माझे मत असे. मरळीपुरते, ३/० पर्यंत बांधायचे आणि खर्च मर्यादेत ठेवायचा असेल, तर देशी नळीचा व्हाइस घेऊन उरलेल्या पैशांतून त्याचे जबडे ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाड तारेसाठी आतून किंचित घासून, बारीक खाच पाडून घ्यावी. खाडीसाठी ४/० च्या पुढचे जिग नियमित बांधायचे असतील, तर स्प्रिंगच्या जबड्यांचा व्हाइस क्लॅम्पसह घ्यावा. आयात शुल्क धरून तो महाग पडतो, तरी त्यात पुन्हा पुन्हा जुळवण्याचा किंवा झिजण्याचा भाग इतका थोडा आहे की ते पैसे वसूल होतात. रोटरी ज्याला एपॉक्सीचे काम आहे त्याने, आणि मोठ्या जबड्यांसहच घ्यावा. साताऱ्यात हा माल दाखवून विकणारे दुकान माझ्या पाहण्यात नसल्याने खरेदी ऑनलाइनच करावी लागते. म्हणून परत करण्याची मुदत आधी वाचून घ्यावी आणि खोके उघडल्या दिवशीच आपला सर्वांत मोठा गळ लावून कसोटी घ्यावी. सुटे जबडे, स्क्रू आणि स्प्रिंग स्वतंत्र मिळतात का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. व्हाइस वापरात आल्यावर पावसाळ्याचे चार महिने दर आठवड्याला जबड्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा आणि बांधायला बसण्याआधी ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढावे, कारण तेलकट जबड्यांतून स्टेनलेसचा गळ सहज निसटतो.